पंधरावी काठी

बालकेरन, फाइफ
८ जानेवारी

ईशबेल,

पार्सल मिळालं. पोस्टमननं ते आडवं धरून आत आणलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी पडद्याची सळई चुकून आपल्याकडे आली. पोच द्यावी म्हणून लिहितोय, बाकी काही नाही.

चिठ्ठीही मिळाली. नऊ वर्षं नाताळच्या कार्डावर नुसती सही, आणि आता एकदम दोन ओळी. ‘बाबा, खांद्याचं कळलं. हा ड्रायव्हर मी आखलेला आहे, एकदा मारून बघा.’ खांद्याचं कळलं म्हणजे डॉडनं कळवलं. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, एवढंच झालंय. फटका थोडा आखूड पडतो. डॉड म्हणतो निम्मा पडतो, पण डॉडला अंतराचा अंदाज कधीच नव्हता.

गोल्फचा पहिला फटका मारायला काठीला एवढं मोठं डोकं लागतं का गं? तुझी आई असती तर तिनं त्यात रविवारचं सूप शिजवलं असतं. तुझ्या आजोबांच्या ड्रायव्हरचं डोकं माझ्या मुठीत मावायचं आणि त्यांचा चेंडू तरीही जायचा तिथं जायचा. पण आजकाल खेळणाऱ्याला घाम गाळायचा नसतो. काठीनंच सगळं करावं, आणि नाही केलं तर नवी काठी घ्यावी. नाचता येईना, अंगण बदला.

दुकान चालू आहे. तू म्हणायचीस दहा वर्षांत बंद पडेल, तर तसं काही झालेलं नाही. जगाला हिकरीच्या लाकडी दांड्याच्या जुन्या काठ्यांचं पुन्हा वेड लागलंय. गेल्या महिन्यात एक स्वीडिश दंतवैद्य येऊन गेला, गुडघ्याखाली आवळलेली विजार आणि पणजोबांच्या काळातली टोपी घालून. सहा काठ्या सांगून गेला. खेळ दिव्य होता त्याचा, पण लाकडावरून हात कसा फिरवावा ते त्याला कळत होतं.

तुझी काठी दारामागे उभी करून ठेवलीय. मारणार नाही. पाठवल्याबद्दल आभारी आहे.

वॉल्टर इमरी


२ फेब्रुवारी

ईशबेल,

तू विचारलंस म्हणून सांगतो, मारलेली नाही. दारामागे येता-जाता पायात येत होती म्हणून बाकावर घेतली, आणि बाकावर आलेली वस्तू मी तपासल्याशिवाय ठेवत नाही, हे तुला माहीत आहे.

वजन केलं. एवढ्या मोठ्या डोक्याचं वजन माझ्या लाकडी डोक्यापेक्षा फार जास्त नाही. मी काटा दोनदा बघितला. आतून पोकळ, हे मलाही कळतं, पण पोकळ वस्तूला तोल देणं किती अवघड असतं तेही कळतं. भरीव लाकडात मागून भोक पाडून शिसं ओतलं की काम झालं. तुला शिसं ओतायला जागाच नाही. सगळा तोल पत्र्याच्या जाडीत राखायचा. कुठं केसभर जाड, कुठं केसभर पातळ. टिचकी मारत गेलो तर बोटागणिक आवाज बदलतो.

तीन आठवडे खोट शोधतोय. सांधा सापडत नाही. दांडा डोक्यात बसवलाय तिथं नखानं खरवडून बघितलं, नखच तुटलं.

मग काठीच्या चेंडूला लागणाऱ्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडासमोर नेली. मधे पट्टी टेकते, दोन्ही कडांना उजेड दिसतो. म्हणजे तोंड सपाट नाही, मधे किंचित पोट आहे. ही गोलाई माझे आजोबा कानशीनं काढायचे, नुसत्या डोळ्याच्या अंदाजानं. मधोमध न लागता डोक्याच्या टाचेकडे किंवा टोकाकडे लागलेला चेंडू आधी भलतीकडे निघतो आणि मग हवेतल्या हवेत वळून परत वाटेवर येतो, तो या गोलाईमुळे. आजोबांनी माझ्या वडिलांना शिकवली, वडिलांनी मला. तुमच्याकडे हे यंत्र करतं म्हणे. मग यंत्राला कुणी शिकवलं?

आवाज मात्र वाईट. बिस्किटाचा रिकामा डबा पायऱ्यांवरून पडल्यासारखा. असं डॉड म्हणतो. त्यानं कुणाचा तरी ऐकला असेल.

वॉल्टर इमरी


१७ मार्च

ईशबेल,

मागच्या पत्रात मी थाप मारली. काठी मी अठ्ठावीस जानेवारीलाच मारली होती. तू ओळखलंस, आणि लिहिलंस की ‘बाबा, आवाजाचं डॉडकाकांना कसं कळलं?’ ठीक आहे. कळलं ते कळलं.

ऐक तर मग. सकाळी गवतावर बर्फ कडक झालेलं होतं, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. चौथ्या होलवर गेलो. तिथं डावीकडे समुद्र आणि उजवीकडे ती काटेरी पिवळी झुडपं, लपायला बरी जागा. कोट काढला. तुझ्या काठीवरचं टोपडं काढताना मला उगाच चोरी करत असल्यासारखं वाटलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, तीन पिढ्यांचा काठ्या करणारा, आणि इकडे तिकडे बघतोय.

पहिला फटका डोक्याच्या पार टोकावर बसला. खांद्यानं दगा दिला, हात अर्ध्यात अडकला आणि मी मारायच्या आधीच ओळखलं की हा चेंडू झुडपात गेला. माझ्या काठीनं गेलाच असता. हिकरी तुला लगेच सांगते, कोपरापर्यंत झिणझिण्या आणून सांगते की गाढवा, काय केलंस. तुझी काठी काही बोलली नाही. डबा वाजला, चेंडू उजवीकडे निघाला, मग जरा विचार केल्यासारखा वळला आणि मिठागराच्या जुन्या भिंतीपलीकडे, हिरवळीच्या बरोबर मधोमध जाऊन पडला. त्या भिंतीपलीकडे माझा चेंडू गेल्याला सहा वर्षं झाली.

मी तिथंच उभा राहिलो. आणखी अकरा चेंडू मारले, बारावा चेंडू डॉडच्या कुत्र्यानं पळवला. मागे डॉड उभा. म्हणाला, “वॉल्टर, डोळ्यांत पाणी आहे तुझ्या.” मी म्हटलं, वारा आहे. वारा अजिबात नव्हता.

मला वाटायचं तुम्ही लोक आळशी माणसासाठी काठ्या करता. तसं नाहीये. तू ही काठी केलीस ती ज्याचा हात वर जात नाही त्याच्यासाठी. त्याची चूक पोटात घालून चेंडू पुढे नेणारी. हे मी पन्नास वर्षांत एकदाही केलं नाही. माझी काठी चांगल्या हातात चांगली, वाईट हातात ती त्याला शिक्षा करते, आणि मी त्यालाच कारागिरी समजत आलो. पोरी, हे काम उत्तम आहे. मी तुला हे तोंडावर कधी म्हटलं नसतं. पत्र बरं असतं.

आपल्या घराण्याचं एक बघ. रबराचा चेंडू आला तेव्हा माझे पणजोबा त्याला उडता बटाटा म्हणाले. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा पोलादी दांडा बसवला तर आजोबांनी गॅसची नळी म्हणून तो अंगणात भिरकावला. दोन वर्षांनी त्याच नळीनं खेळत होते. प्रत्येक इमरी बाप पोराच्या कामाला नावं ठेवत आला आणि मग गुपचूप तेच वापरत आला. मी काही वेगळा निघालो नाही, फक्त पोराच्या जागी पोरगी होती.

गोलाईबद्दल तू लिहिलंस की यंत्राला तूच शिकवली, ‘माझ्याकडे एक लाकडी काठी आहे, तिच्या तोंडावरून मापं घेतली.’ कुठली काठी ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. सप्टेंबरमध्ये सुट्टी काढून यावं आणि आपण दोघांनी घराण्यांच्या कपात पुन्हा जोडीनं खेळावं, असं तू म्हणतेस. ते जमायचं नाही. खांदा.

तुझा बाप


५ मे

ईशबेल,

‘खांद्याचं कारण आता चालणार नाही, खांद्याचा बंदोबस्त मी करून पाठवलाय. खरं कारण सांगा.’ तुझं पत्र दोन आठवडे खिशात घेऊन फिरतोय. खरं कारण सांगतो.

गाव मला काय म्हणतं तुला माहीत आहे. बारच्या भिंतीवर माझा फोटो आहे, तेहतीस वर्षांचा असतानाचा. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात उंच गवतात माझा चेंडू केसभर हलला, कुणी बघितलं नव्हतं, मी स्वतः सांगितलं आणि एका फटक्यानं हरलो. तेव्हापासून मी प्रामाणिक वॉल्टर. नवीन पोरांना तो फोटो दाखवून सांगतात की गोल्फमध्ये पंच नसतो, आपणच आपला पंच. पुढचं वाचताना तो फोटो डोळ्यांसमोर ठेव.

नऊ वर्षांपूर्वी तू तिसाव्या वाढदिवसाला आलीस, कपाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी. अख्खा हिवाळा मी तुझ्यासाठी एक ड्रायव्हर करत होतो. माझ्या वडिलांनी ठेवलेला पर्सिमनच्या लाकडाचा शेवटचा ठोकळा, वीस वर्षं सुकवलेला. दांडा हिकरीचा, त्याला अकरा वेळा जवसाचं तेल पाजलं. वर टोपडं म्हणून तुझ्या आईनं विणलेला लोकरी मोजा, तिच्या मागे राहिलेला. संध्याकाळी जेवताना देणार होतो. आणि तू दारातून आलीस ती तुझ्या नव्या कंपनीचा धातूचा ड्रायव्हर हातात घेऊन. ‘बाबा, यातला अर्धा मी आखलाय!’ तुझा चेहरा असा उजळला होता, आणि मी म्हटलं, हात धुऊन घे, मासे थंड होतायत. माझी काठी मी दुकानातून बाहेर काढलीच नाही.

सकाळी तुझी पिशवी दाराशी बाकावर होती. मी मोजल्या. तेरा. तुझा तो धातूचा ड्रायव्हर नव्हता. मला वाटलं, पोरीनं बापाकडे बघून तो घरी ठेवला. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन माझा आणला आणि खोचून ठेवला. चौदा. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त तेवढ्याच चालतात. पहिल्या फटक्याला तुला सापडेल, तू माझ्याकडे बघशील, असं काहीतरी मनात होतं. तू तो घरात पुसायला नेला होतास, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिला फटका तू धातूच्या काठीनं मारलास. दुसऱ्या होलवर पिशवीत मला दोन्ही डोकी दिसली. पंधरा. मला तेव्हाच कळलं, ईशबेल. दुसऱ्या होलवर. तिथंच थांबून सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय, तर समोरच्या जोडीसमोर, म्हाताऱ्या बेव्हरिजसमोर आणि त्याच्या पोरासमोर, म्हणायचं की मी न विचारता पोरीच्या पिशवीत काठी घुसवली, कारण तिनं माझी वापरावी अशी मला भीक हवी होती. मी मूग गिळून बसलो. दहा होल खेळलो तसाच, आपण एकानं पुढे होतो.

बाराव्या होलवर बेव्हरिज म्हणाला, “काय गं ईशबेल, तुझ्या पिशवीत हा मोजा घातलेला म्हातारा कोण?” आणि मोजल्या गेल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी समुद्राकडे बघितलं. मग तू म्हणालीस, “माझी चूक. मी मोजायला हव्या होत्या.” दंड म्हणून दोन होल कापली, एकानं पुढे होतो ते एकानं मागे झालो, आणि उरलेली सगळी होल बरोबरीत सोडवूनही हरलो. त्या सात होलांत तू जे खेळलीस तसं मी आयुष्यात कुणाला खेळताना बघितलं नाही. हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि रात्री बारमध्ये सगळ्यांसमोर मी काय म्हणालो? ‘चौदापर्यंत मोजता येत नाही, आणि म्हणे संगणकावर काठ्या बनवते.’ सगळे हसले. तू ग्लास खाली ठेवलास. सकाळी टॅक्सीचा आवाज आला तेव्हा मी जागा होतो. उठलो नाही.

ती काठी तू नेलीस की समुद्रात टाकलीस मला माहीत नाही. टाकली असशील तर बरोबर केलंस.

आपल्या कपाचा जुना रिवाज तुला पाठ आहे. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीनं फटका. तू घाण केलीस तर निस्तरायचं मी, मी केली तर तू. म्हणून जोडीत कुणी माफी मागायची नाही. मागितलीच, तर पुढच्या खेळात दुसऱ्याची पिशवी खांद्यावर वाहायची. तू सहा वर्षांची असताना मी तुला हे शिकवलं, आणि नऊ वर्षं त्याच रिवाजाआड लपून बसलो.

मी तुझी माफी मागतो, ईशबेल.

तुझा बाप


१४ जून

ईशबेल,

तुझं उत्तर आलं नाही. मी उत्तराची वाट बघायला लिहीत नाहीये. झालं ते सांगतो.

काल कपाची नावं नोंदवायची संध्याकाळ होती. बार भरलेला. म्हटलं, बोललो चारचौघांत, तर निस्तरायचंही चारचौघांतच. मी उठलो, भिंतीवरचा माझा फोटो खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पालथा घातला. रिंटूलबाई, आपल्या क्लबच्या सेक्रेटरी, म्हणाल्या, “वॉल्टर, रंग द्यायचाय का भिंतीला?” मी म्हटलं, बाई, जरा ऐका. आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या होलसकट.

मग डॉडनं ग्लास ठेवला. “झालं तुझं? बस खाली. आम्हाला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“अरे बाबा, काठीवर तुझा शिक्का. मोजा तुझ्या बायकोनं विणलेला. लाखेचा वास अजून येत होता त्या डोक्याला. आणि पोर आदल्या दिवशी विमानातून उतरलेली. तिनं काय ती विमानात घडवली?”

सगळा बार हसला. मी विचारलं, मग नऊ वर्षं गप्प का बसलात? डॉड म्हणाला, “तुझा फोटो होता ना भिंतीवर. म्हटलं, स्वतःहून सांगेल, प्रामाणिक आहे. आठवडाभरात सांगशील असं वाटलं होतं. मग तुझ्या पोरीनं टॅक्सीत बसताना मला बजावलं, ‘डॉडकाका, बाबांना कुणी काही बोलायचं नाही. ते सांगतील तेव्हा सांगतील.’ म्हणून थांबलो. लई वेळ लावलास, वॉल्टर.”

तू बजावलंस. जाता जाता. मी पलंगावर पडून टॅक्सी ऐकत होतो, आणि तू खाली माझी अब्रू राखत होतीस.

म्हातारा बेव्हरिज आता नव्वदीला आलाय, ऐकू कमी येतं. तो मोठ्यानं म्हणाला, “म्हणजे कप परत करायचा का?” त्याला सांगितलं, कप तुमचाच. तो म्हणाला, “मग ठीक. पोरगी मात्र गुणी आहे. त्या दिवशी सोळाव्या होलवर वाळूतून मारलेला तो फटका मला अजून स्वप्नात येतो.”

नऊ वर्षं मला वाटत होतं मी गावापासून काहीतरी लपवतोय. गाव माझ्यापासून लपवत होतं, आणि तेही तुझ्या सांगण्यावरून. पोरी, मी लाकडाची पारख करतो म्हणून मिरवतो. घरात काय निपजलंय ते मला ओळखता आलं नाही.

नाव मी नोंदवलेलं नाही. जोडीच्या दुसऱ्या नावाची जागा मला कोरी ठेवता येत नाही, आणि तुला न विचारता तुझ्या कशातही आता काही घालणार नाही. यादी तीस जुलैला बंद होते.

बाबा


९ जुलै

पोरी,

पत्र आलं. उघडायच्या आधी दुकानाचं दार लावून घेतलं. तीन ओळी. ‘तेव्हाच माहीत होतं, बाबा. त्या सात होलांत तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत, तेवढंच लागलं. नाव नोंदवा. माफी मागितलीत, पिशवी तुम्ही वाहायची.’

नोंदवलं. रिंटूलबाईंनी इमरी आणि इमरी असं लिहिलं. तू बारा वर्षांची होतीस तेव्हा याच यादीत मुलीचं नाव चालत नव्हतं आणि तो नियम बदलायला मी दोन वर्षं भांडलो होतो, तो मी कुठं गेला कोण जाणे. फोटो डॉडनं परत टांगलाय. काचेवर कुणीतरी खडूनं ‘१५’ लिहिलंय, आणि रिंटूलबाई पुसू देत नाहीत. मलाही पुसायचं नाही.

खाली ताजा कलम म्हणून तू लिहिलंस की खांद्याचा विचार करता विजेवर चालणारी चाकांची गाडी घेऊन येतेस, पिशवी तिच्यात ठेवू. मुळीच नाही. ड्रायव्हरपर्यंत मी आलो, तुझ्या अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीपर्यंतही येईन, पण माफीची पिशवी खांद्यावरच. डावा खांदा ठणठणीत आहे. डॉडचा कुत्रा पिशवीत घालून रोज मिठागराच्या भिंतीपर्यंत नेऊन आणतोय, सरावाला. कुत्र्याची तक्रार नाही.

तुझा ड्रायव्हर आता माझ्या पिशवीत असतो. सात हिकरीच्या आणि तो. त्या सात जणींनी सुरुवातीला तोंडं फिरवली, आता मुकाट्यानं शेजारी उभ्या असतात. स्वीडिश दंतवैद्य पुन्हा आला होता. त्याला ते डोकं दिसलं आणि तो दुखावल्यासारखा म्हणाला, “मिस्टर इमरी, तुम्हीसुद्धा?” मी म्हटलं, हे आमच्या दुकानाचंच काम आहे. खोटं नाही बोललो ना?

तुझी खोली झाडून ठेवलीय. ओटकेक लागतात का अजून?

बाबा


१२ सप्टेंबर, सकाळ

ईशबेल,

तू वर झोपलीयस. ही चिठ्ठी तुझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतोय, चेंडू काढताना सापडेल.

काल रात्री तू आलीस तेव्हा मी फारसं बोललो नाही. तू म्हणालीस, ‘बाबा, मासे थंड होतायत,’ आणि हसलीस. एवढं मला खूप झालं.

आत्ता पिशवी उचलायला आलो, रिवाजाप्रमाणे. उचलायच्या आधी मोजल्या. मोजणारच होतो. तुझा स्वतःचा धातूचा ड्रायव्हर पिशवीत नाही, दारामागे उभा आहे, जिथं मी तुझा पहिल्यांदा उभा केला होता तिथं. घाबरू नको, मी दुकानात गेलो नाही, काही आणलं नाही. पिशवीत धातूच्या तेरा. आणि मागच्या कोपऱ्यात तुझ्या आईचा मोजा.

काढून बघितला, त्याबद्दल रागावू नको. तोंडावर चेंडूचे वण आहेत, शेकडो, सगळे मधोमध. म्हणजे तिकडे तू माझी ही काठी वापरत होतीस. वणांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, आडव्या-उभ्या, चौकटी आखलेल्या. मापं घेतल्याच्या रेघा. माझ्या पिशवीतल्या त्या मोठ्या डोक्याला ही गोलाई कुठून मिळाली, ते आता मला विचारावं लागणार नाही. दांड्याच्या मानेवरचा दोरा सुटला असावा, तू नवा गुंडाळलायस. गाठ चुकलीय. ती मी सोडवणार नाही.

तेरा आणि एक, चौदा. तीनदा मोजल्या.

पिशवी माझ्या खांद्यावर आहे, दाराबाहेर उभा आहे, वारा समुद्राकडून आहे. ऊठ आता. पहिला फटका तुझा.

बाबा